ओव्हनमधली वाटी आणि चकाकीची किंमत

थायरॉईडच्या तपासणीसाठी नेहमी येणाऱ्या एक बाई रिपोर्ट दाखवून झाला तरी खुर्चीतून उठल्या नाहीत. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक मातीची वाटी काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

"डॉक्टर, ही मी घरी केली. माती चाळून भिजवली, वाटी घडवली, चार दिवस सावलीत वाळवली आणि ओव्हनमध्ये २५० वर तीन तास भाजली. प्लास्टिक बंद करायचं ठरवलंय. हिच्यात मुलीला दही लावून दिलं तर चालेल ना?"

मी वाटी हातात घेऊन बोटाने टिचकी मारली. आवाज बद्द आला. ती एका ट्रेमध्ये ठेवून त्यांच्याच बाटलीतले पाणी तिच्यात ओतायला सांगितले आणि म्हटले, "पुढचे दोन पेशंट होईपर्यंत बाहेर बसा." अर्ध्या तासाने त्या परत आल्या तेव्हा वाटीचे बूड खचले होते आणि ट्रेमध्ये चिखल साचला होता.

त्या हिरमुसल्या, पण लगेच म्हणाल्या, "मग वरून चकचकीत लेप लावते. तयार पावडर मिळते. कमी तापमानावर बसते म्हणे."

वाटी विरघळली त्याचे मला काही वाटले नव्हते. या वाक्याने मात्र मी सावध झालो. कमी तापमानावरची चकाकी ही माणसाची फार जुनी इच्छा आहे आणि तिची किंमत अनेकांनी आपल्या शरीराने मोजली आहे. त्या दिवशी बाईंना थोडक्यात सांगितले होते, आज सविस्तर लिहितो.

ओव्हनला काय जमत नाही?

मातीत पाणी दोन प्रकारे असते. एक, कणांच्या मधल्या जागेतले पाणी. माती उन्हात किंवा ओव्हनमध्ये ठेवली की हे पाणी निघून जाते आणि भांडे कडक होते. दुसरे, मातीच्या कणांच्या रचनेतच रासायनिक बंधाने अडकलेले पाणी. ते बाहेर काढायला साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. ते गेले की मातीची मूळ रचनाच बदलते आणि मग ती पुन्हा कधीही चिखल होऊ शकत नाही.

स्वयंपाकघरातले उदाहरण घ्या. वाळून कडक झालेली कणीक पाण्यात टाकली तर ती पुन्हा भिजते. भाजलेली भाकरी पाण्यात टाकली तर ती मऊ पडेल, पण तिचे पुन्हा पीठ होणार नाही. ओव्हनमधली वाटी म्हणजे वाळलेली कणीक. कुंभाराच्या आव्यातले मडके म्हणजे भाजलेली भाकरी.

आपल्या घरातला ओव्हन जेमतेम २५० अंशांपर्यंत जातो. तिथे वाटी तीन तास ठेवा नाहीतर तीन दिवस, दुसऱ्या प्रकारचे पाणी जागचे हलत नाही. वेळ वाढवून तापमानाची भरपाई होत नाही. उलट भांडे आतून ओले राहिले असेल आणि ओव्हन झटपट तापवला, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटते आणि तुकडे उडतात.

माणसाला आग कशी उमगली?

झेक प्रजासत्ताकातील मोराव्हिया भागात दोल्नी व्हेस्तोनित्से नावाचे ठिकाण आहे. तिथे १९२५ साली भाजलेल्या मातीची, सुमारे ११ सेंटिमीटर उंचीची एक स्त्रीमूर्ती सापडली. ती २५ हजार वर्षांहून जुनी आहे. अशाच मूर्तींचे हजारो तुकडे तिथे मिळाले. म्हणजे हिमयुगातल्या माणसाला माती आगीत टिकाऊ होते हे कळले होते. गंमत म्हणजे त्याने भांडी केली नाहीत, मूर्ती केल्या.

आज माहीत असलेली सर्वांत जुनी भांडी चीनमधली आहेत. जिआंगशी प्रांतातील शिआनरेनदोंग गुहेतली खापरे सुमारे २० हजार वर्षांपूर्वीची असल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. तेव्हा शेती सुरू व्हायला अजून हजारो वर्षे होती. काही खापरांवर आगीवर ठेवल्याच्या खुणा आहेत, म्हणजे शिकारी माणसे त्यांत अन्न शिजवत असावीत.

डॉक्टर म्हणून मला हे मोठे पाऊल वाटते. भांड्यात शिजवता आले म्हणजे कठीण कंद मऊ झाले, हाडांतला रस्सा मिळाला. दात नसलेल्या म्हाताऱ्याला आणि दूध सुटणाऱ्या बाळाला पातळ, मऊ अन्न देता येऊ लागले. पाणी उकळणेही सोपे झाले.

या सगळ्याला भट्टी लागली नाही. जमिनीवर भांडी रचून, वर लाकूडफाटा आणि गोवऱ्या टाकून पेटवले तरी ६०० ते ९०० अंशांपर्यंत जाता येते. आपला कुंभार आवा लावतो तोही याच जातीचा. गोवऱ्यांचा तो ढीग आपल्या विजेच्या ओव्हनपेक्षा तिपटीने तापतो, हे बाईंना सांगितले तेव्हा त्यांना खरे वाटेना.

घोडनदीकाठची खापरे

आपल्या महाराष्ट्रातही याचे सुंदर पुरावे आहेत. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि तिथल्या विशिष्ट भांड्यांना जोर्वे हेच नाव मिळाले. पुढे पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील इनामगावला घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात मोठे उत्खनन केले. हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. तिथे ताम्रपाषाण काळातले, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे, शेतकऱ्यांचे अख्खे गाव उजेडात आले. घरे, धान्याच्या कणग्यांच्या जागा आणि कुंभाराची भट्टीसुद्धा.

जोर्वे भांडी चाकावर घडवलेली, लाल रंगाची आणि त्यावर काळी नक्षी काढलेली असतात. तोटीची भांडी ही त्यांची खास ओळख. पुरातत्त्वज्ञ या भांड्यांची आणखी एक खूण सांगतात. ती इतकी चांगली भाजलेली आहेत की टिचकी मारली तर धातूसारखा खणखणीत आवाज येतो. आपली आजी बाजारात माठ घेताना हीच परीक्षा करायची.

इनामगावातली एक गोष्ट मात्र मन हेलावते. तिथे दगावलेली लहान मुले घराच्या जमिनीखाली पुरली जात. दोन मातीचे घट तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यांच्या आत ते मूल. बालमृत्यूचे प्रमाण किती असेल, याची कल्पना अशा घटांच्या संख्येवरून येते. अन्न शिजवणारे आणि मूल मातीत ठेवणारे हात एकाच गावातले. मडके ही त्या माणसांची रोजची आणि शेवटची गरज होती.

या भांड्यांवर काचेसारखी चकाकी नाही. पातळ मातीचा लेप, घोटाई आणि चांगली आग यांवरच काम भागले. आपल्याकडचा साधा कुंभार बहुतांशी त्याच वाटेने चालत राहिला. माठाला लेप नसतो म्हणूनच तो झिरपतो आणि झिरपलेले पाणी उडून जाताना आतले पाणी गार होते.

चकाकीसाठी शिसे कसे आले?

झिरपणारे भांडे पाण्याला उत्तम, पण तेलाला, दारूला, लोणच्याला गैरसोयीचे. म्हणून भांड्यावर काचेचा पातळ थर चढवायची कल्पना निघाली. काच म्हणजे मुख्यतः वितळलेली वाळू. अडचण अशी की शुद्ध वाळू वितळायला सुमारे १७०० अंश लागतात. तेवढ्या आगीत लाल मातीचे भांडे स्वतःच बसून जाईल.

यातून दोन मार्ग निघाले.

पहिला मार्ग आग वाढवण्याचा. चिनी कुंभारांनी तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच १२०० अंशांच्या आसपास जाणाऱ्या भट्ट्या बांधल्या. एवढ्या उष्णतेत लाकडाची राखसुद्धा मातीशी मिळून काच बनते. युरोपात ऱ्हाईन नदीच्या परिसरातल्या कुंभारांनी पेटत्या भट्टीत मीठ टाकून चकाकी मिळवली. आजीची लोणच्याची बरणी याच घराण्यातली. तिची माती एवढ्या उंच तापमानावर भाजलेली असते की तिच्यातून पाणी जवळजवळ झिरपत नाही आणि मिठाचा, आंबटाचा तिच्यावर परिणाम होत नाही.

दुसरा मार्ग सोपा होता. वाळूत शिशाची पूड मिसळली की ती सातशे-आठशे अंशांच्या आसपासच वितळू लागते. भट्टी सुधारायला नको, लाकूड जास्त जाळायला नको. थर एकसारखा पसरतो, रंग खुलतात आणि चमक अशी की डोळा ठरत नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन साम्राज्यात आणि चीनच्या हान राजवटीत ही पद्धत वापरात होती. पुढे ती युरोपभर पसरली आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ती मेक्सिकोला नेली.

या थरात शिसे काचेत अडकलेले असते, पण आग कमी पडली तर ते नीट अडकत नाही. मग चिंच, लिंबू, व्हिनेगर, दही असे काही आंबट त्या भांड्यात राहिले की शिसे सुटून अन्नात उतरते. हिरव्या रंगासाठी लेपात तांबे घातले असेल तर ते आणखी सहज सुटते. चव बदलत नाही, वास येत नाही. भांडे होते तितकेच सुंदर दिसत राहते.

किंमत कोणी मोजली?

सगळ्यात आधी कुंभारांनी. इटलीतील डॉक्टर बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला त्याचा व्यवसाय विचारा, हा आग्रह त्यांनी धरला आणि तो आज आम्हा डॉक्टरांच्या शिक्षणाचा भाग आहे. त्यात कुंभारांवर एक प्रकरण आहे. लेपासाठी शिसे दळणाऱ्यांचे आधी हात थरथरतात, मग ते लुळे पडतात, दात जातात, चेहरा शिशासारखा निस्तेज होतो, असे वर्णन त्यांनी केले आहे.

दुसरा धोका धुळीचा. अठराव्या शतकात इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी माती पांढरी आणि मजबूत करण्यासाठी गारगोटीची पूड मिसळायला सुरुवात केली. ती कोरडी दळताना उडणारी धूळ फुप्फुसात जाई आणि दळणारे लोक दम लागून मरत. १७२६ साली टॉमस बेन्सन यांनी गारगोटी पाण्यात दळण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, त्यामागे हेच कारण होते. तरी भांडी घासणे-पुसणे यांत धूळ उडतच राहिली. आज आम्ही या आजाराला सिलिकोसिस म्हणतो. एकदा झाला की तो बरा होत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्टॅफर्डशायरच्या कारखान्यांत शिशाच्या विषबाधेच्या नोंदी वर्षाला चारशेहून अधिक होऊ लागल्या. लेपात भांडी बुडवणारे आणि वाळलेला लेप खरवडणारे, यांत बायका आणि कोवळ्या वयाच्या मुलीही होत्या. पोटात कळा, लुळे मनगट, फिट्स, अंधत्व आणि गर्भपात. १८९८ मध्ये डॉ. टॉमस लेग हे ब्रिटनचे कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक झाले. त्याच सुमारास सरकारने रसायनतज्ज्ञ एडवर्ड थॉर्प आणि डॉक्टर टॉमस ऑलिव्हर यांच्याकडे चौकशी सोपवली. त्यांचा १८९९ चा निष्कर्ष स्पष्ट होता : बरीच भांडी शिशाशिवाय करता येतात, आणि जिथे ते वापरायचेच तिथे आधी वाळूसोबत वितळवून काच करावे व मग त्याची पूड वापरावी, म्हणजे ते शरीरात कमी विरघळते.

कारखानदारांनी विरोध केला. माल महागेल, चमक जाईल, परदेशी स्पर्धेत टिकणार नाही. कच्चे शिसे ब्रिटिश कारखान्यांतून पूर्ण हद्दपार व्हायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. डॉ. लेग मात्र आपल्या मताला चिकटून राहिले. घरे रंगवण्याच्या कामातील पांढऱ्या शिशावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार मान्य करायला सरकार तयार होईना, तेव्हा १९२६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

आणि शेवटी किंमत मोजली ती वापरणाऱ्यांनी. १९७० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात कॅनडातील मॉन्ट्रियल शहरातली एक घटना प्रसिद्ध झाली. एका घरात हाताने घडवलेल्या मातीच्या सुंदर सुरईत सफरचंदाचा रस साठवला जाई. तो रस पिणारा एक लहान मुलगा शिशाच्या विषबाधेने दगावला. रस चांगला होता, आई-वडिलांची काही चूक नव्हती. चूक त्या सुरईच्या चकाकीत होती. यानंतर अमेरिकेत अशा भांड्यांतून किती शिसे सुटते याची तपासणी आणि मर्यादा सुरू झाल्या.

मुलांना जास्त धोका का?

पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाचे शरीर साधारण दहावा हिस्सा शोषते, तर लहान मुलाचे शरीर जवळजवळ निम्मे. मुलाच्या शरीरात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर त्याहूनही जास्त. ते मेंदूच्या वाढीत अडथळा आणते. नंतर हाडांत जाऊन वर्षानुवर्षे साठून राहते आणि पुढे गरोदरपणात आईच्या हाडांतून सुटून बाळापर्यंत पोचू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही.

लक्षणे फसवी असतात. पोटदुखी, बद्धकोष्ठता, भूक न लागणे, चिडचिड, फिकटपणा. हे तर कोणत्याही मुलाला होते. बऱ्याच मुलांत काहीच दिसत नाही. शंका असेल तर रक्तातील शिशाची तपासणी करता येते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी.

मग घरी काय करायचे?

मातीत हात घालणे उत्तम आहे. मन शांत होते, बोटांना व्यायाम मिळतो, मुले मोबाइलपासून दूर राहतात. फक्त एवढे पाळा :

१. ओव्हनमध्ये कडक केलेली मातीची वस्तू शोभेसाठीच. तिच्यात पाणी, दूध, अन्न काही नको. हवेत वाळणाऱ्या तयार मातीलाही हेच लागू.

२. रंगीत पॉलिमर क्ले ही माती नसून प्लास्टिक आहे. ती साधारण १३० अंशांना, पाकिटावरच्या सूचनेप्रमाणेच भाजा. जास्त तापली तर तिच्यातून घशाला आणि डोळ्यांना झोंबणारा वायू निघतो. खिडकी उघडी ठेवा. जेवणाच्या भांड्यांसाठी ती वापरू नका.

३. वाळलेली वस्तू कोरड्या पॉलिश पेपरने घासू नका. ओल्या स्पंजने गुळगुळीत करा. खाली सांडलेली माती झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

४. घटक माहीत नसलेली लेपाची पावडर खाण्यापिण्याच्या भांड्याला लावू नका. घरी ओव्हनमध्ये तर कोणताच लेप पक्का होत नाही.

५. जुनी, प्रवासातून आणलेली, कशाची केली ते ठाऊक नसलेली चकचकीत भांडी शोभेला ठेवा. चिंच, कोकम, दही, लोणचे, सरबत त्यांत ठेवू नका.

६. भांडे भाजण्यासाठी घरात किंवा बंद बाल्कनीत कोळसा पेटवू नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि तो झोपेतच जीव घेतो.

७. भांडे खरोखर वापरायचे असेल तर जवळच्या कुंभाराला विचारा. आव्यात दोन वाट्यांना जागा निघते. शहरात भट्टी असलेल्या पॉटरी स्टुडिओतही पैसे देऊन भाजून मिळते. लेप न दिलेले भांडे वापरल्यावर साबण न लावता गरम पाण्याने, ब्रशने धुवा आणि कडक उन्हात वाळवा, कारण त्याच्या छिद्रांत साबण शिरतो आणि ओल राहिली तर बुरशीही धरते.

त्या बाईंनी शेवटचा सल्ला ऐकला. गावाकडच्या कुंभारकाकांनी त्यांच्या तीन वाट्या पणत्यांसोबत आव्यात लावल्या. एक तडकली, दोन नीट निघाल्या. पुढच्या तपासणीला येताना त्यातली एक घेऊन आल्या. रंग विटकरी, एका बाजूला धुराचा काळा डाग, चकाकी अजिबात नाही.

मी टिचकी मारली. या वेळी वाटी खणखणली.

"आता दही लावा," मी म्हटले.